दुखऱ्या गुडघ्यानं स्कॉटिश सिक्स डेज

स्कॉटलंडमध्ये साधारण दर दोन वर्षांनी, जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीच्या आठवड्यात 'स्कॉटिश सिक्स डेज' भरते. १९७७ पासून चालत आलेली ही ओरिएंटियरिंगची, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातली ठरलेली ठिकाणं क्रमानं शोधत जायच्या खेळाची स्पर्धा. आठवड्यात सहा शर्यती, मध्ये एक दिवस सुट्टी. एकूण निकालात मात्र सहापैकी सगळ्यात चांगले चारच दिवस धरतात. साठी ओलांडलेल्या, गुडघा धड नसलेल्या हौशी स्पर्धकासाठी अख्ख्या माहितीपत्रकातलं कामाचं वाक्य हेच. दोन दिवस सोडून द्यायची मुभा नियमातच आहे, त्यामुळे सहा दिवस झेपतील का हा प्रश्न बाजूला पडतो. कोणते दोन दिवस गुडघ्याला द्यायचे, एवढंच ठरवायचं उरतं. आणि तेही बरंचसं घरबसल्या, नकाशा हातात पडायच्या आधी ठरवता येतं.

ठिकाणं दर खेपेला बदलतात. पुढचा आठवडा ईशान्य स्कॉटलंडमधला मोरेचा किनारा आणि हायलँड्सचा डोंगराळ भाग या पट्ट्यात पायाखाली येणाऱ्या जमिनीच्या प्रकारांवरून मांडला आहे. प्रत्यक्ष क्रम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचा.

नाव नोंदवताना

वयोगट ठरतो तो त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण होणाऱ्या वयावर. ज्येष्ठांच्या बऱ्याच गटांत लाँग आणि शॉर्ट असे दोन पर्याय असतात. शॉर्टमध्ये अंतर आणि चढ कमी, पण नकाशावाचनाची काठिण्यपातळी सहसा तीच. म्हणून शॉर्ट घेण्यात कमीपणा मानायचं कारण नाही. कंट्रोल (नकाशावर वर्तुळानं दाखवलेलं, जागेवर झेंडा लावलेलं ठिकाण) शोधण्याची मजा तेवढीच मिळते, फक्त मधली रखडपट्टी वाचते.

माहितीपत्रकात प्रत्येक कोर्सचं अंतर आणि चढ छापलेला असतो. अंतर हे कंट्रोल ते कंट्रोल जवळपास सरळ रेषेतलं, आणि चढ हा समंजस मार्गानं गेल्यास लागणारा. उतार कुठेच छापत नाहीत. दुखऱ्या गुडघ्यासाठी तर तोच आकडा हवा असतो, कारण चढताना दम लागतो, पण वाटीवर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर खरा ताण येतो उतरताना. शरीराचं वजन पेलत तो स्नायू ताणला जात असतो, आणि तो थकला की धक्का थेट सांध्यावर जातो.

उतार काढायची रीत सोपी आहे. स्टार्ट फिनिशपेक्षा उंच असेल तर छापलेल्या चढात दोघांच्या उंचीतला फरक मिळवायचा, फिनिश उंच असेल तर वजा करायचा. समजा कोर्स ४.२ किमी, चढ १३० मी. आणि स्टार्ट फिनिशपेक्षा ४५ मी. उंच. म्हणजे उतार १७५ मी., दर किलोमीटरला जवळपास ४२ मी. आमचा ठोकताळा असा: दर किलोमीटरला ३० मीटरच्या आत असेल तर बिनधास्त, ३० ते ४५ असेल तर जपून, ४५ च्या वर असेल तर तो दिवस सोडायच्या यादीत. स्टार्टपर्यंतची पायपीटही याच हिशेबात धरायची. दीड-दोन किलोमीटर चालत जायचं असतं, आणि ते अंतर कोर्सच्या लांबीत मोजलेलं नसतं.

आधीचे आठ आठवडे

पळण्याचा सराव सगळे करतात, पायरी उतरण्याचा कुणी करत नाही. १५ सेंमी उंचीच्या पायरीवर दुखरा पाय ठेवून उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत खाली न्यायची, जमिनीला नुसती टेकवायची आणि वर यायचं. आठ ते दहा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. समोर आरसा हवा. गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला झुकत असेल तर पायरी जास्त उंच आहे, १० सेंमीवर या. जोडीला भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं ३० ते ४५ सेकंद, आणि टाचा उचलून पोटऱ्यांसाठी पंधराच्या तीन फेऱ्या. शेवटच्या तीन आठवड्यांत हातात नकाशा घेऊन एका पायावर मिनिटभर उभं राहायचा सराव करा. नकाशात बघताना तोल जाणं ही या खेळातली नेहमीची गोष्ट आहे, आणि गुडघा मुरगळतो तो अशाच वेळी.

दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या खेपेला फेऱ्या कमी. गुडघा मध्येच अडकत असेल, अचानक दगा देत असेल किंवा सूज उतरत नसेल, तर व्यायाम थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा.

सामानात तीन गोष्टींवर विचार करावा लागतो. पहिली, बूट. धातूच्या टोकांचे खिळे असलेले बूट ओल्या ओंडक्यावर आणि शेवाळलेल्या दगडावर जबरदस्त पकड देतात. पण कडक वाटेवर तीच पकड पाय जमिनीत रोवून ठेवते, वळताना पाऊल फिरत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून दोन जोड न्या, वाटांचं जाळं असलेल्या जंगलासाठी नुसत्या रबरी खुंट्यांचा. दुसरी, गुडघ्याचा पट्टा. बिजागरीचा ब्रेस झुडपात अडकतो. साधी निओप्रीनची स्लीव्ह पुरते, पण ती भिजली की खाली घसरते आणि मागच्या घडीत कातडं सोलवटते. तिथं व्हॅसलिन लावून ठेवा. तिसरी, चष्मा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल भिंगाच्या खालच्या भागातून पायाखालची जमीन पुसट दिसते आणि उतरताना पाऊल चुकतं. त्यापेक्षा नुसता लांबचा चष्मा घालावा आणि नकाशासाठी अंगठ्याच्या होकायंत्राला जोडायचं छोटं भिंग वापरावं. नकाशाचं प्रमाण ज्येष्ठांसाठी बहुधा १:१०००० किंवा १:७५०० असतं, तेवढी मेहेरबानी आयोजक करतात.

शनिवार, आदला दिवस

प्रवासानं आखडलेला गुडघा घेऊन थेट रविवारच्या स्टार्टला उभं राहू नये. सरावाचा नकाशा उपलब्ध असेल तर तो घ्यावा आणि त्यावर फक्त चालावं. इथं काम आहे ते पावलं मोजण्याचं. १०० मीटरला किती दुहेरी पावलं पडतात (एकच पाय मोजायचा), हे तीन जमिनींवर मोजून ठेवा: पक्की वाट, मोकळं जंगल, हेदरचं (दाट, ठेंगण्या झुडपाचं) रान. चालताना वाटेवर ६५ च्या आसपास पडतात, हेदरमध्ये दहा-पंधरा जास्त. पण दुखऱ्या पायाचं पाऊल आखूड पडतं, आणि आठवडा सरेल तसं आणखी आखूड होतं. म्हणून हा आकडा सुट्टीच्या दिवशी पुन्हा मोजायचा. नाहीतर गुरुवारी प्रत्येक कंट्रोल 'अजून यायला हवं होतं' अशा जागी दहा-वीस मीटर आधीच शोधलं जातं.

टेप लावणार असाल तर केस आदल्या दिवशीच काढा. ताज्या दाढी केलेल्या कातडीवर टेप आणि घाम एकत्र आले की पुरळ उठतं. कातडी पूर्ण कोरडी करून, स्टार्टच्या किमान तासभर आधी टेप लावावा आणि हातानं चोळून गरम करावा. गोंद ऊबेनं धरतो.

पहिला दिवस: वाळूच्या टेकाडांवरचं पाइनचं जंगल

मोरेच्या किनाऱ्यावर कल्बिनचं जंगल आहे. सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर विसाव्या शतकात पाइन लावून ते उभं केलं. १९७६ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा स्कॉटलंडमध्ये झाली, तेव्हापासून हे नाव ओरिएंटियरिंगवाल्यांच्या तोंडी आहे. पायाखाली मऊ, झाडी विरळ, उतार लहान लहान. गुडघ्यासाठी आठवड्याची सुरुवात याहून चांगली मिळत नाही.

आणि म्हणूनच घात होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण जणू पहिल्या दिवसाच्या स्टार्टलाच सुचली असावी. नकाशावर पांढरं, म्हणजे सहज धावता येणारं मोकळं जंगल दिसलं की पाय सुटतात, आणि दोनशे मीटरनंतर आपण कुठल्या टेकाडावर आहोत हे सांगता येत नाही. वाळूच्या प्रदेशात कंटूर (समान उंची दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा) नागमोडी, बारीक आणि सगळीकडे सारखे दिसतात. एकाशेजारी एक अशी एकाच आकाराची टेकाडं, म्हणून शेजारच्या खळग्याला आपला खळगा समजणं ही इथली ठरलेली चूक. ती निस्तरायला मागे-पुढे धावावं लागतं, आणि त्यात गुडघ्याचं दुप्पट काम होतं.

स्टार्टची पद्धत एकदा डोळ्यांपुढे आणून ठेवा. आपल्या वेळेच्या साधारण तीन-चार मिनिटं आधी नाव पुकारलं जातं. बोटाला अडकवलेली चिप (कंट्रोलवरच्या यंत्रात घालून हजेरी नोंदवायची इलेक्ट्रॉनिक पट्टी) 'क्लिअर' करायची, म्हणजे जुनी नोंद पुसायची, मग 'चेक', म्हणजे ती पुसली गेली का ते बघायचं. पुढच्या रांगेत कंट्रोलच्या वर्णनाची सुटी चिठ्ठी मिळते, तिच्यासाठी मनगटावर पाकीट हवं. शेवटच्या मिनिटाला आपल्या कोर्सच्या नकाशांच्या खोक्याशी उभं राहायचं आणि बझर वाजला की नकाशा उचलायचा. खोक्यावरचा कोर्स क्रमांक आणि नकाशावरचा क्रमांक जुळतोय का, एवढं बघून घ्या. दुसऱ्याचा नकाशा उचलून अर्धा कोर्स धावणारे दर खेपेला असतात.

बझर वाजल्यावर धावू नका. स्टार्टचा त्रिकोण नकाशावर शोधा, नकाशा उत्तरेला लावा (उत्तर-रेषा चुंबकीय उत्तरेनेच आखलेल्या असतात, होकायंत्रात काही मिळवणी-वजावट करावी लागत नाही), नकाशाची घडी अंगठ्याजवळ आणा. वीस सेकंद जातात. पहिलं कंट्रोल चालत घ्या. ज्यांना गुडघा गरम व्हायला वेळ लागतो त्यांच्यासाठी तोच वॉर्म-अपचा शेवटचा भाग.

अशा जमिनीत काम करतं ते होकायंत्र आणि पावलांची मोजणी. कंट्रोलच्या शंभर-दीडशे मीटर अलीकडे एखादी ठळक खूण निवडायची, मोठा खळगा किंवा वाटेचा वळसा. हाच हल्ल्याचा बिंदू. तिथपर्यंत सैल जायचं, तिथून पुढे दिशा धरून मोजत. टेकाडावरून उतरताना तोंड खाली करून सरळ धाव घेऊ नका. वाळू टाचेखालून सरकते आणि गुडघा एका क्षणात सरळ ताठ होतो. पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला, उताराला तिरकं.

दुसरा दिवस: हेदर आणि दलदल

मोकळं माळरान, नकाशावर फिकं पिवळं. लांबून गालिचा वाटतो. प्रत्यक्षात हेदर गुडघ्यापर्यंत, त्याखाली पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या, ओल्या मातीच्या) चरी, खड्डे आणि दगड, आणि वरून काहीच दिसत नाही. प्रत्येक पाऊल उचलून टाकावं लागतं, त्यामुळे दमतो तो मांडीच्या वरचा भाग. तो दमला की पाय घासटला जातो, आणि पडणं ओघानं आलं.

मार्ग निवडताना हिशेब केला तर निर्णय सोपा होतो. एक नमुना घेऊ. दोन कंट्रोलमध्ये सरळ अंतर ६०० मी., मध्ये घळ: सात कंटूर खाली, सात वर, दोन कंटूरमध्ये ५ मी. धरले तर ३५ मी. उतार आणि तेवढाच चढ. हेदरमध्ये चालीचा वेग किलोमीटरला १५ मिनिटं धरला तर ९ मिनिटं. चढासाठी दर दहा मीटरला एक मिनिट, म्हणजे साडेतीन. जपून उतरण्यात आणखी दोन. एकूण साडेचौदा. दुसरा पर्याय घळीच्या डोक्यावरून जाणारी गाडीवाट: १००० मी., किलोमीटरला ८ मिनिटं, म्हणजे ८. वाटेवरचा चढ १० मी., एक मिनिट. वाटेपर्यंत जायला आणि वाटेवरून कंट्रोलला यायला शंभर-शंभर मीटर हेदर, तीन मिनिटं. एकूण बारा. वळसा घेऊन अडीच मिनिटं वाचली, आणि घळीचा उतार टळला तो वेगळाच. पंचविशीतल्या धावपटूचे आकडे टाकले तर सरळ मार्ग जिंकेल, म्हणून तरुणांच्या मागोमाग जाऊ नका. त्यांचा हिशेब वेगळा आहे.

पीटच्या चरीवरून उडी मारायची नाही. पलीकडचा काठ मऊ असतो, पाय आत जातो आणि अंग पुढे. काठावर बसून पाय खाली सोडा, चरीत उतरा, पलीकडे हात टेकून चढा. कपडे काळे होतात, होऊ देत.

कुंपणं हा इथला स्वतंत्र विषय. हरणांना अडवणारी कुंपणं माणसाहून उंच असतात आणि त्यांना ओलांडायच्या जागा नकाशावर छापलेल्या असतात. जिथं लाकडी पायऱ्या असतात तिथं चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उतरताना तोंड कुंपणाकडे ठेवून, शिडी उतरतो तसं. नकाशावर कुंपणाच्या रेषेला दोन-दोन आडव्या खुणा असतील तर ते ओलांडायचं नसतं, फट दिसली तरी.

संध्याकाळी वारा पडला की मिज येतात, डोळ्याला जेमतेम दिसणारे चावरे किडे. पाय बर्फात ठेवून तंबूबाहेर निवांत बसायचा बेत त्यांच्यामुळे फसतो. गोचीड त्याहून महत्त्वाची, कारण तिच्यातून लाइम रोगाची लागण होऊ शकते. ती नेमकी गुडघ्याच्या मागच्या खळग्यात आणि स्लीव्हच्या काठाशी चिकटते. रोज आरसा धरून बघा. दिसली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढून काढा. पिळू नका, वर तेल किंवा स्पिरिट ओतू नका.

तिसरा दिवस: लावणीचं जंगल, तीव्र उतार

आमच्या मते सोडायचा दिवस हाच. स्प्रूसची दाट लावणी, तोड झालेले पट्टे, त्यात पडलेल्या फांद्या, आणि खाली दरीकडे जाणारा उतार. नकाशावर हिरव्याच्या छटा दिसतात: फिका हिरवा म्हणजे वेग ६० ते ८० टक्के, मध्यम म्हणजे २० ते ६०, गडद म्हणजे २० च्याही खाली. हे टक्के धडधाकट पायाचे. फांद्यांच्या ढिगावरून जाताना पाय कुठे टेकेल याचा भरवसा नसतो, आणि पाय अडकलेला असताना अंग वळणं म्हणजे मेनिस्कसच्या (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीच्या) दुखापतीला आमंत्रण.

सोडायचा म्हणजे मैदानात यायचंच नाही असं नाही. दोन वाटा आहेत. एक, मोठ्या स्पर्धांमध्ये त्याच दिवशी नाव देऊन धावायचे सोपे कोर्स बहुधा असतात, त्यातला वाटांवरून जाणारा एखादा चालत करायचा. दोन, आपलाच कोर्स सुरू करायचा आणि वाटेजवळची पहिली तीन-चार कंट्रोल घेऊन परत फिरायचं. दुसऱ्या वाटेत एक गोष्ट कधीही विसरायची नाही: फिनिशला जाऊन चिप डाउनलोड करायची, म्हणजे तिच्यातली नोंद आयोजकांच्या संगणकात उतरवायची. अर्धवट सोडणारा स्पर्धक न सांगता गाडीत जाऊन बसला तर संध्याकाळी त्याच्यासाठी शोधपथक निघतं.

कोर्स पूर्ण करायचाच असेल तर कंट्रोलचं वर्णन नीट वाचा. चिठ्ठीतल्या उभ्या रकान्यांपैकी चौथ्यात खूण असते (कडा, घळ, दगड) आणि सातव्यात झेंडा त्या खुणेच्या कुठल्या बाजूला आहे ते. 'कडा, पायथा' असं असेल आणि तुम्ही वरून येत असाल, तर कड्याच्या डोक्यावर पोचून खाली डोकावण्यात काही हशील नाही. पन्नास मीटर आधीच ठरवा, कड्याच्या कुठल्या टोकानं उतरायचं. उतार जिथं सौम्य तिथून, जरी ते टोक लांबचं असलं तरी.

बुधवार, सुट्टी

किल्ल्याच्या दगडी जिन्यांवर चढ-उतार करायला हा दिवस नाही. सपाटीवर अर्धा तास चालणं किंवा सायकल, बस्स. सकाळी दोन्ही गुडघ्यांचा घेर वाटीच्या मध्यावर टेपनं मोजा. आठवड्याच्या सुरुवातीला मोजलेल्या आकड्यापेक्षा दुखऱ्या गुडघ्याचा घेर सेंटिमीटरभर वाढला असेल तर सांध्यात पाणी आहे, आणि गुरुवारही सोडायच्या यादीत गेला. पाणी साचलेल्या सांध्यात मांडीचा पुढचा स्नायू नीट काम करत नाही. इच्छाशक्तीचा इथं संबंध नाही, मेंदूकडून येणारा आदेशच दबलेला असतो.

बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. डायक्लोफेनॅकसारखं दाहशामक मलम लावायला हरकत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शनातही झिजलेल्या गुडघ्यासाठी आधी मलमाचा पर्याय सुचवला आहे. शर्यतीआधी आयबुप्रोफेनची गोळी घेणं मात्र टाळा. थांबायचा इशारा देणारं दुखणं तेवढं झाकलं जातं, आणि घामानं शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

शनिवारी मोजलेली पावलं आज पुन्हा मोजा. बूट आतून वर्तमानपत्रांनी भरून वाळत घाला.

चौथा दिवस: जुनं जंगल, वाटांचं जाळं

फॉरेसजवळचं डार्नवे याच जातीचं. २०१५ च्या जागतिक अजिंक्यपदातल्या मिडल (मध्यम अंतराच्या) आणि रिले शर्यती तिथंच झाल्या. उंच झाडं, वाटा भरपूर, पण वाटांच्या मधल्या पट्ट्यांत खाचखळगे. गुडघा बरा असेल तर गुण मिळवायचा दिवस हा. रबरी खुंट्यांचे बूट आज.

वाटेवर वेग घ्या, वाट सोडली की चाला. ओरिएंटियरिंगमध्ये हिरवा, पिवळा, लाल अशा सिग्नलनं मार्गाचे तुकडे पाडायची पद्धत आहे: ठळक खुणेपर्यंत हिरवा, हल्ल्याच्या बिंदूपर्यंत पिवळा, कंट्रोलच्या वर्तुळात लाल. गुडघेवाल्यानं ती शब्दशः पाळावी, लालमध्ये पळणं बंद. एक अडचण वाटांच्या जंगलातच येते. ऑगस्टमध्ये ब्रॅकन, म्हणजे आपल्या नेच्याचा दांडगा भाऊ, छातीपर्यंत वाढलेला असतो. नकाशावर उभ्या हिरव्या रेघांनी दाखवलेला हा भाग फिका समजून आत शिरलात तर पायाखालचे ओंडके दिसत नाहीत. रेघा दाट असतील तर वळसाच घ्यावा.

पंच करताना, म्हणजे कंट्रोलवर चिपची नोंद करताना, एक बारीक गोष्ट. कंट्रोलवर पोचता त्याच अंगानं झटक्यात वळून पुढे सुटायची सवय असते. पाय रोवून अंग फिरवणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला पीळ. दोन आखूड पावलं टाकत वळा. पंच करायच्या आधी कोड क्रमांक बघा, शेजारच्या दगडावर दुसऱ्या कोर्सचं कंट्रोल असतं, आणि चुकीचा पंच म्हणजे अख्खा दिवस बाद. असा बाद झालेला दिवस सोडायच्या दोनात धरावा लागतो, गुडघ्यासाठी राखलेली एक मोकळीक वाया.

पाचवा दिवस

इथं ठरवायचं. हातात तीन चांगले दिवस असतील तर आज किंवा उद्या, दोन्हीपैकी ज्याचा उतार कमी तो धावा. दोनच असतील तर दोन्ही लागतील, पण मग आज चालत. सकाळी तंबूबाहेर तीन चाचण्या: दुखऱ्या पायावर दहा सेकंद उभं राहणं, त्याच पायावर अर्धवट बसून उठणं पाच वेळा, आणि एक पायरी न धरता उतरणं. तिसरीत कळ आली तर आज नाही.

जमीन बहुधा मिश्र असते: बर्च, मोठे धोंडे, मध्ये दलदल. धोंड्यांच्या शेतात हात वापरा, बसून उतरा. ओल्या दगडावरून उडी घेऊन जाणाऱ्यांकडे बघू नका. पाऊस असेल तर आयोजक वॉटरप्रूफ जॅकेट सक्तीचं करू शकतात, शिट्टी तर जवळ हवीच. धोक्याचा संकेत म्हणजे मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबून पुन्हा. चालणाऱ्याचं अंग लवकर गार पडतं, आणि गार पडलेला गुडघा आखडतो, म्हणून पातळ जॅकेट सक्ती नसली तरी कमरेला असावं.

कोर्स बंद व्हायची वेळ कधी आहे ते बघा. स्टार्टची वेळ उशिराची आली असेल आणि चालत करणार असाल तर गणित आधीच मांडायचं. वेळ संपली की कंट्रोल उचलायला सुरुवात होते.

सहावा दिवस

मांडीचे स्नायू आता थकलेले, त्यामुळे दुखापतीला या दिवशी जास्त जपायचं. शेवटचं कंट्रोल ते फिनिश हा शे-दीडशे मीटरचा पट्टा बहुधा गवताळ उतार असतो, दोन्ही बाजूंना लोक ओरडत असतात. इथं मिळतात फार तर दहा सेकंद, आणि ओल्या गवतावर घसरून जातो गुडघा. चालत फिनिश ओलांडलं तरी वेळ धरली जाते.

डाउनलोडनंतर मिळणाऱ्या स्प्लिटच्या (प्रत्येक टप्प्याला लागलेल्या वेळेच्या) चिठ्ठ्या, जितके दिवस उतरलात तितक्या सगळ्या, जपून ठेवा. संध्याकाळी पाय उशीवर ठेवून प्रत्येक टप्प्यासमोर एकच खूण करायची: उशीर गुडघ्यानं झाला की नकाशानं. गटातल्या मधल्या क्रमांकाच्या स्पर्धकाच्या स्प्लिटशी ताडून बघा, पहिल्याशी नाही. उताराच्या टप्प्यांवर तुम्ही मिनिटभर मागे असाल ते ठीक, ते भरून निघणार नाही. वर्तुळाच्या आत गेलेली तीन-चार मिनिटं कुठल्या कंट्रोलला गेली, तिथं हल्ल्याचा बिंदू निवडला होता का, पावलं मोजली होती का, ते नकाशावर लाल पेननं लिहून ठेवा. पुढचे दोन आठवडे पळणं बंद, पायरीचा व्यायाम मात्र चौथ्या दिवसापासून पुन्हा, १० सेंमीच्या पायरीवर.